बाभळीची पाचर

आमच्या गावच्या महादेवाच्या रथाला वळवण्यासाठी कसलेही यंत्र नाही. ज्यांनी हा रथ पाहिलेला नाही त्यांना हे आधी सांगणे आवश्यक आहे, कारण पुढची हकिगत त्यावरच उभी आहे. चार भरीव लाकडी चाके, त्यांवर देवळाच्या शिखराशी स्पर्धा करणारा डोलारा, पुढे दोन जाड दोर आणि ते दोर ओढणारे गाव. ओढला की पुढे जायचे, एवढेच त्या रथाला ठाऊक. तो वळवायचा असेल तर ज्या बाजूला वळायचे त्या बाजूच्या पुढच्या चाकाखाली लांब दांड्याची लाकडी पाचर सारायची. ते चाक मंदावते, पलीकडचे चालत राहते आणि रथ तोंड फिरवतो. वेशीपाशी आमचा रस्ता काटकोनात वळतो. पाचर धरणाऱ्याची खरी परीक्षा तिथे.

गाव उमरग्याच्या दक्षिणेला, बोलणे निम्मे मराठी आणि निम्मे कानडी. सोलापूरच्या तंत्रनिकेतनातून यंत्र शाखेची पदविका घेऊन मी ढोकीच्या साखर कारखान्यात लागलो आणि निवृत्तीनंतर गावी परतलो. देवस्थानाच्या पंचांनी तेव्हापासून रथाची देखभाल माझ्याकडे सोपवली. या वर्षी यात्रेआधी कोठी उघडली तेव्हा जुन्या पाचरींना वाळवी लागलेली दिसली. बलभीमने एक उचलली, तर तिचा भुगा त्याच्या धोतरावर सांडला.

बलभीम वेशीजवळचा शेतकरी. पाचर धरण्याचा मान त्याच्या घराण्याकडे आहे. धोतर झटकत तो म्हणाला, "अप्पा, आता देवालाच म्हणावं लागंल, यंदा सरळच जावा, वळू नगा."

"वळणाऱ्या पाचरी करू," मी म्हणालो.

"करणार कोण? करणारा सुतार तर गेला की वर. त्याला खाली बोलवायची पदविका हाय का तुमच्याकडं?"

करणार कोण, हे मी मनाशी ठरवले होते. मात्र ते बलभीमला सांगण्याआधी घरात विचारणे भाग होते.

माझी मुलगी शिवप्रिया पुण्यात एका खेळण्यांच्या कंपनीत रचनाकार आहे. लहान मुलांची ओढायची, ढकलायची, जोडायची खेळणी ती संगणकाच्या पडद्यावर घडवते. लहानपणी पोळ्याला मातीचे बैल करायची, तेव्हा शेजारपाजारची मुले आपले बैल सोडून तिचे बघायला येत. पुढे त्याच आवडीचे तिने शिक्षण घेतले. पण गेली काही वर्षे सकाळपासून झोपेपर्यंत तिच्यासमोर पडदाच होता. कामाचा पडदा मिटला की हातातला उघडे. तिने रचलेली खेळणी कुठल्या तरी कारखान्यात होत आणि कुठल्या तरी दुकानात जात; शेवटची दोन तर तिने हातातसुद्धा घेतली नव्हती. या हिवाळ्यात कंपनीने तिच्याकडे एका नव्या मालिकेचे काम सोपवले आणि तिला काहीच सुचेना. मनगट दुखू लागले, डोळे जळू लागले. डॉक्टरांनी तपासून विश्रांती सांगितली आणि ती रजा घेऊन घरी आली.

आल्या दिवशीच तिने मला सांगितले, "अप्पा, डोळ्यांचं काय, ते बरे होतील. पण मला सुचणंच बंद झालंय. यात्रेनंतर रजा संपते. तोवर काही सुचलं नाही तर मी राजीनामा पाठवणार आहे. मेल लिहून ठेवलाय."

हे काम तिला मनापासून आवडत होते. ते सोडण्याची तिची इच्छा नव्हती. आपण त्या कामाच्या लायक उरलो नाही, अशी तिची समजूत झाली होती. या दोन गोष्टींत फार अंतर आहे आणि मला ते स्पष्ट दिसत होते.

माझ्या पत्नीने, रुद्रम्माने, उपाय तत्काळ योजला. लॅपटॉप आणि मोबाईल दोन्ही लोखंडी कपाटात ठेवले, कुलूप लावले आणि किल्ली कमरेला खोचली.

"डॉक्टरांनी विश्रांती सांगितली का नाही? मग झालं. यात्रेपर्यंत कपाट उघडणार नाही."

"अव्वा, निदान मोबाईल तरी!"

"मोबाईलला पण विश्रांती."

पण पोरीला विश्रांती मिळेना. ती अंगणात बसे, उठे, पुन्हा बसे. बोटे रिकामीच हलत. जेवताना नजर कपाटाकडे. दुपारी झोप नाही, आणि आईशी बोलणे म्हणजे प्रत्येक वाक्याला खटका. मी कारखान्यात वाफेवर चालणारी यंत्रे सांभाळली आहेत. भरधाव चालणारे जड यंत्र एकाएकी अडवले तर त्याचा वेग नाहीसा होत नाही. तो आत कुठेतरी बसतो आणि मग दांडे वाकतात. शिवप्रियाकडे पाहताना मला तेच जाणवत होते. म्हणून वाळवीचा भुगा पाहिल्यावर मी घरी येऊन रुद्रम्माला म्हणालो, "लॅपटॉप काढ. तिला देवाचं काम द्यायचं आहे."

"देवाचं नाव काढलं की मी गप बसेन, हे तुम्हाला बरोबर माहिती आहे," असे म्हणून तिने किल्ली काढली.

शिवप्रियाने काम घेतले. देवळात जाऊन चाकाचे माप आणले, बलभीमला दोन-चार प्रश्न विचारले आणि एका दुपारीत पडद्यावर पाचर उभी केली. ती खरोखर देखणी होती. चाकाची जी गोलाई, नेमकी तीच पाचरीच्या वरच्या अंगाला. टोक निमुळते होत जमिनीला टेकणारे. चाक आणि पाचर यांच्यामध्ये कागदही जाणार नाही, असे तिने मला फिरवून फिरवून दाखवले. मी तिचे उतार तपासले, मापे तपासली आणि होकार दिला. उमरग्यात दरवाजांवर संगणकाने नक्षी कोरणारा एक दुकानदार आहे. बाभळीच्या जाड फळ्या त्याच्याकडे पाठवल्या आणि तयार पाचरी परत आल्या.

बलभीमने एक हातात घेऊन उलटीसुलटी केली. "आयला, ही तर चाकाखाली घालायची न्हाय, देव्हाऱ्यात ठेवायची झाली!"

शिवप्रिया हसली. घरी आल्यापासून पहिल्यांदाच.

यात्रेच्या आधीच्या सोमवारी रिकामा रथ देवळापासून पारापर्यंत ओढून बघण्याची आमच्याकडे रीत आहे. वर्षभर उभी राहिलेली चाके त्या दिवशी जागी करायची, असे जुनी माणसे म्हणतात. दहा-वीस गड्यांनी दोर धरले. रथ कुरकुरला, हलला, चालू लागला. पारापाशी येताच वळण अजमावायला बलभीमने बाजूने चालत डाव्या चाकाखाली पाचर सारली.

चाक पाचरीच्या गोलाईत जाऊन बसले आणि रथ जागच्या जागी थांबला. वळला नाही, थांबला. वरचा डोलारा मात्र थांबायला तयार नव्हता. तो पुढे झुकला, कळस हेलकावला, दोर धरलेली माणसे एकमेकांवर आदळली. त्याच क्षणी काडकन आवाज झाला. पाचरीचे निमुळते टोक तुटून रस्त्यावर उडाले. रथ एक हात पुढे सरकून उभा राहिला. कोणाला लागले नाही, हे महत्त्वाचे.

बलभीमने मोडकी पाचर ओढून घेतली. मग म्हणाला, "देव्हाऱ्यातच ठेवू."

माणसे हसली. शिवप्रिया हसली नाही. ती घराकडे वळली.

मी घरी पोहोचलो तेव्हा लॅपटॉप उघडून ती अंगणात बसली होती. राजीनाम्याचा मेल समोर होता.

"बघितलंत ना, अप्पा? एक साधी लाकडाची पाचर मला जमत नाही. आणि मी मुलांसाठी खेळणी करते म्हणे."

"ती पाचर मीही तपासली होती," मी म्हणालो. "म्हणजे पदविका मलाही परत करावी लागेल."

"थट्टा करू नका."

"थट्टा नाही. मेल पाठवायचा तर पाठव, मी अडवणार नाही. पण कारखान्यात काही मोडलं की तो तुकडा हातात घेऊन पाहिल्याशिवाय आम्ही अहवाल लिहीत नव्हतो. हा घे तुकडा. आधी बघ, मग पाठव."

रस्त्यावरून उचललेले टोक मी तिच्या हातात दिले. ती ते नाइलाजाने बघू लागली. मग अंगठा तुटलेल्या जागेवरून फिरवू लागली. मग उजेडात धरून.

"याच्या शिरा तिरप्या गेल्यात," ती म्हणाली. "फळीतून गोलाई कापली म्हणून टोकाशी शिरा आडव्या कापल्या गेल्या. इथं लाकूड लाकडाला धरूनच नव्हतं."

"पडद्यावर दिसलं नसतं का?"

"पडद्यावर लाकडाला नुसता रंग असतो, अप्पा."

ती उठली, तुकडा घेऊन मागच्या पडवीत गेली. तिथे माझे कामाचे टेबल आहे, लाकूड तासायचा वाकस, रंधा, पटाश्या, कानशी भिंतीला ओळीने टांगलेल्या आहेत. थोड्या वेळाने तिची हाक आली. "अप्पा, वाकस कसा धरतात?"

पुढचे काही दिवस आमच्या घराचा क्रम बदलला. सकाळी ऊन चढायच्या आत शिवप्रिया पडवीत. आधी तिने टाकाऊ लाकडाचा एक छोटा रथ केला, वीतभर, चार भरीव चाकांचा, वर डोलाऱ्याच्या जागी वजनासाठी नदीतला गोटा. एक पाट तिरपा लावून तो रथ त्यावरून सोडायचा आणि चाकाखाली निरनिराळ्या आकारांच्या छोट्या पाचरी सारून बघायच्या. चाकाच्या नेमक्या गोलाईची पाचर घातली की गोटा उडून पुढे पडे. अगदी सपाट घातली की चाक तिच्यावरून चढून निघून जाई. पण चाकापेक्षा बरीच उथळ गोलाई दिली की चाक पाचरीवर थोडे चढे, चढताना वेग गमावी, आणि रथ हळूच तोंड फिरवी. गोटा जागचा हलत नसे.

पहिल्यांदा तसे झाले तेव्हा ती ओरडली, "अव्वा! वळला!"

रुद्रम्मा हातातले पीठ तसेच घेऊन आली. "कोण वळला?"

"रथ!"

"मला वाटलं तुझं डोकं," रुद्रम्मा म्हणाली. पण ती तिथेच पाटाशेजारी बसली आणि आणखी चार वेळा रथ सोडायला लावून मगच भाकरीकडे गेली.

लाकडाच्या शिरांचा प्रश्नही तिने पडवीतच सोडवला. सरळ फळीतून वाकडी पाचर कापली तर शिरा तुटणारच. मग मुळातच वाकलेले लाकूड का घेऊ नये? बंबासाठी रचलेल्या जळणाच्या ढिगातून ती बाभळीच्या वाकड्या फांद्या निवडू लागली. शिरा फांदीच्या वळणाने जाणाऱ्या, टोकापर्यंत अखंड.

"माझं जळण घेऊन कुठं चालली?" रुद्रम्माने विचारले.

"देवाचं काम आहे, अव्वा."

"बापाची लेक!"

तळहाताला फोड आले. मी काही म्हणण्याआधीच तिने चिंधी बांधली. गंमत अशी, की मनगटाची तक्रार त्या दिवसांत ऐकू आली नाही. ते बरे झाले होते असे मी म्हणणार नाही. त्याला माऊसऐवजी दुसरे काम मिळाले होते, एवढे मात्र निश्चित.

दुपारनंतर ती लॅपटॉप घेई. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण पडदा वाईट आणि पडवी चांगली असा निष्कर्ष कोणी काढू नये. एक पाचर हाताने बरोबर उतरली. पण पाचर पुढच्या दोन्ही चाकांना हवी, आणि ती सारखी झिजलेली नाहीत. तिने प्रत्येक चाकाभोवती हात फिरवून, सुतळी लावून झीज मोजली होती. ती मापे तिने पडद्यावर घातली तेव्हा कोणत्या चाकाला पाचर किती उथळ हवी हे लगेच समजले. डाव्या पाचरीची आकृती पडद्यावरच उलटवून, झिजेनुसार बदलून उजवीची केली. हाताने हे करायचे तर यात्रा उलटून गेली असती. आठवडाभरापूर्वी तोच पडदा, तीच मुलगी. फरक एवढाच, की आता पडद्यावर काय मांडायचे ते तिच्या हाताला आधी ठाऊक होते.

एकदा पडवीत तिच्याशेजारी कानस चालवत असताना मी तिला कारखान्याची गोष्ट सांगितली. गाळप हंगाम संपला की आम्ही सगळे रोलर खाली उतरवायचो, झिजलेल्या दातांवर वेल्डिंग करायचो, सगळे उघडून स्वच्छ करून पुन्हा बसवायचो. "कारखाना तेव्हा बंद नसतो," मी म्हणालो. "पुढच्या गाळपाची तयारी तेव्हाच होते."

"आमच्या कंपनीत गाळप बारा महिने चालतं, अप्पा."

"मग हंगाम तू ठरव."

तिने मान वर केली नाही, पण रंधा थांबला. "रोजच ठरवला तर?" ती म्हणाली. "वर्षातून एकदा नाही. रोज थोडा."

यात्रेच्या दिवशी रथ सजून निघाला. डोलाऱ्यावर झेंडूच्या माळा, हलगीचा कडकडाट, हर हर महादेवचा गजर. बलभीम नव्या पाचरी खांद्यावर टाकून चालला होता. बाभळीच्या वाकड्या, वाकसाच्या खुणा दिसणाऱ्या, देव्हाऱ्यात मुळीच न शोभणाऱ्या. शिवप्रिया वेशीजवळच्या ओट्यावर रुद्रम्माशेजारी उभी होती. आपल्या हाताच्या कामावर आज रथ आणि माणसे दोन्ही आहेत, हे तिला पक्के ठाऊक होते.

रथ वेशीला आला. बलभीम वाकला, डाव्या पुढच्या चाकाखाली पाचर सारली. चाक तिच्यावर चढले, जणू विचार करावा तसे मंदावले. उजवे चाक चालत राहिले. डोलारा डळमळला नाही; सावकाश, सगळ्या फुलांसह, त्याने तोंड फिरवले. बलभीमने पाचर ओढून घेतली आणि रथ सरळ रस्त्याला लागला. ओढणाऱ्यांना तर वळण कधी आले ते कळलेही नसावे.

बलभीमने मागे वळून ओट्याकडे पाहिले आणि पाचर हवेत उंच धरली. "अक्का! पुढच्या साली बी हीच!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून वर्षाराणींचा फोन आला. त्या शिवप्रियाच्या गटप्रमुख. शिवप्रियाने पडवीतच मोबाईल टेबलावर उभा केला आणि व्हिडिओ चालू केला. मी रंधा बाजूला ठेवला.

"बरी आहेस का?" वर्षाराणींनी विचारले. "आणि मागे काय पसारा आहे?"

"ऑफिस आहे," शिवप्रिया म्हणाली. "मॅडम, एक दाखवू?"

तिने पाट तिरपा लावला. वीतभर रथ आता रंगला होता, गोट्याच्या जागी लाकडी कळस होता. तिने तो सोडला, छोटी पाचर चाकाखाली सारली, आणि रथ वळून पाटाच्या कोपऱ्यातून नीट बाहेर आला.

"परत," वर्षाराणी म्हणाल्या.

तिने परत दाखवले.

"याला स्टिअरिंग नाही?"

"नाही. मुलानं पाचरीनं वळवायचा. जोरात अडवला तर कळस पडतो, हळू अडवला तर वळतो. मालिकेतलं हे पहिलं. दुसरी दोन डोक्यात आहेत, पण आधी लाकडात करीन, मग पडद्यावर काढीन."

मग वर्षाराणी म्हणाल्या, "आणि लाकडात फसलं तर?"

"तर तुटलेल्याचा फोटो पाठवीन. त्यातून जास्त कळतं."

"ठीक आहे. पुढे?"

"दुपारी जेवणापर्यंत मी पडद्यासमोर नसेन, गावी असले तरी आणि पुण्यात असले तरी. फोन केला तर उचलीन, मीटिंगला बसणार नाही. पुण्यातल्या घराच्या बाल्कनीत टेबल बसवणार आहे. हे जमणार असेल तर सोमवारी हजर होते."

वर्षाराणींनी लगेच होकार दिला नाही. त्यांनी मीटिंगांच्या वेळांबद्दल दोन प्रश्न विचारले, एका गोष्टीवर घासाघीस केली, आठवड्यातून एक सकाळ मागून घेतली. शिवप्रियाने ती दिली. दोन्ही बाजूंनी थोडे-थोडे चढून मग वळणे झाले आणि फोन संपला.

"मेलचं काय केलंस?" मी विचारले.

"पुसला. रथ वळला त्याच संध्याकाळी."

जाण्याच्या दिवशी बॅग भरून झाल्यावर ती रुद्रम्मासमोर जाऊन उभी राहिली आणि हात पुढे केला. "अव्वा, कपाटाचं कुलूप दे. किल्लीसकट."

"कशाला? तिथं कोण आहे कुलूप लावायला?"

"मी आहे. रोज सकाळी लॅपटॉप आत ठेवणार, दुपारी काढणार."

रुद्रम्माने कमरेची किल्ली काढली, पण लगेच दिली नाही. "माझ्याकडं राहिली असती तर बरं झालं असतं. तुझा भरवसा नाही."

"तुझ्याकडं असली की मी दिवसभर किल्लीच शोधते," शिवप्रिया म्हणाली. "माझ्याकडं असली की कामाला लागते."

रुद्रम्माने माझ्याकडे पाहिले. मी पटाशी फडक्यात गुंडाळून पोरीच्या बॅगेत ठेवत होतो, मान वर न करता म्हणालो, "बरोबर आहे तिचं."

कुलपासकट किल्ली शिवप्रियाच्या हातात पडली. तळहातावरचे फोड वाळून त्यांची कातडी घट्ट झाली होती. तिने मूठ मिटली, बॅग उचलली आणि उमरग्याच्या बससाठी निघाली. वेशीच्या वळणाशी बलभीम शेतातून येताना भेटला, असे तिने पोहोचल्यावर सांगितले. त्याने म्हणे फक्त एवढेच विचारले, की पुण्यात बाभळी मिळतात का, नाहीतर पोत्यात घालून पाठवतो.